डाव्या अंगठ्याखालचं बटण

मॅडमनी कीबोर्ड माझ्या टेबलावर ठेवला नाही, टाकला. स्टोअररूममधून आणलेला. पिवळा पडलेला. बटणांच्या फटींत कुणाच्या तरी जुन्या फरसाणाचे कण.

"हा तुझा," त्या म्हणाल्या. "टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरला लाव. आमच्या लॅपटॉपला हात लावायचा नाही. काल माझ्या मशीनवर बसली होतीस ना? सगळ्या बटणांना सुकटीचा वास मारतोय."

ऑफिसात सहा जण होते. सहाही जणांनी ऐकलं. एक जण हसला. बाकीचे हसले नाहीत, पण मान वर करून कुणी बघितलंही नाही. मॅडमनी पर्समधून सॅनिटायझर काढला, टिश्यूवर दोन थेंब घेतले आणि माझ्यासमोर त्यांच्या लॅपटॉपचं एकेक बटण पुसलं.

मी आदल्या दिवशी सुकट खाल्ली नव्हती. डब्यात भात आणि मेथीची भाजी होती. हे सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण नाही सांगितलं. आता लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मला ते सांगावंसं वाटलं याची. सुकट खाल्ली असती तर काय चोरी केली होती?

मी कातकरी. पनवेलच्या मागे डोंगराच्या उतारावर आमची वाडी आहे. आश्रमशाळेत शिकले, बारावी झाले, टायपिंगचा क्लास केला. वाडीतून ऑफिसात खुर्चीवर बसायला गेलेली मी पहिलीच. आई कुणालाही सांगायची, "पोरगी पंख्याखाली बसते." तिच्या लेखी नोकरीतलं सगळ्यात मोठं काय, तर पंखा. वीटभट्टीवर आयुष्य काढलेल्या बाईला दुसरं काय मोठं वाटणार.

कंपनी लहान होती. फरशा, टाक्या, मशिनी धुवायची रसायनं ड्रममध्ये भरून आफ्रिकेतल्या देशांत पाठवायची, जिथे फ्रेंच चालतं तिथे. माल बंदराजवळ द्रोणागिरीच्या शेडमध्ये, कागद आणि लेबलं पनवेलच्या ऑफिसात. मॅडम पुण्याला कॉलेजात फ्रेंच शिकलेल्या. लेबलावरचा मजकूर त्या कागदावर हाताने लिहून द्यायच्या. इंग्रजीचीच अक्षरं, पण कुणाच्या डोक्यावर काडी, कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या पायाला शेपूट.

त्या काड्या-टोप्या कीबोर्डवर कुठेच नसतात, आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं. लेबल छापायचं सॉफ्टवेअर जुनाट. दुसरीकडून अक्षर उचलून आणून चिकटवलं की त्याचा चौकोन व्हायचा. एकच मार्ग होता. डाव्या अंगठ्याने आल्टचं बटण दाबून धरायचं, उजव्या हाताने बाजूच्या आकड्यांवर चार आकडे मारायचे आणि मग अंगठा उचलायचा. अंगठा उचलला की अक्षर उमटतं. पण हे फक्त बाजूला आकड्यांची वेगळी पट्टी असलेल्या कीबोर्डवर होतं, आणि ऑफिसातल्या कुठल्याच लॅपटॉपला ती पट्टी नव्हती.

ती होती माझ्या पिवळ्या कीबोर्डला.

म्हणजे बघा. माझ्या हाताने त्यांचं मशीन बाटायला नको म्हणून जे अडगळीतलं दिलं, त्याच्याशिवाय त्यांचं एक लेबल निघत नव्हतं. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा माझं नाव बदललं. आधी मी "ती नवीन" होते. मग "फ्रेंचवाली" झाले. फ्रेंचवाली म्हणताना सगळे हसायचे, कारण मला फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता.

पण आकडे येत होते. शून्य दोन तीन तीन म्हणजे ई, उजवीकडे कललेली काडी. शून्य दोन तीन दोन म्हणजे तोच ई, काडी डावीकडे. शून्य दोन तीन एक म्हणजे शेपटीवाला सी. सुरुवातीला मनगटावर पेनने लिहून ठेवायची. पंधरा दिवसांत सगळे पाठ. मॅडमना याचं नवल वाटायचं. मला काही नवल नव्हतं. आपल्या मराठीत अक्षराच्या डोक्यावर, पायाशी, मागेपुढे कुणी ना कुणी बसलेलंच असतं. एक मात्रा राहिली म्हणून आश्रमशाळेत मी हातावर छड्या खाल्ल्या आहेत. माझ्याकडून काडी राहणार नव्हती, आणि एकदाही राहिली नाही.

मला गर्व वाटायचा, हे मान्य करते. आकड्यांच्या पट्टीचा हिरवा दिवा लावायचा, अंगठा दाबायचा, आकडे मारायचे. लेबल छापून निघालं की मी आधी काड्या मोजायची. त्या कागदावर काय लिहिलंय हे मी कधी विचारलं नाही. एकदाच विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, "तुला काय करायचंय? तू बघून टाइप कर." मी बघून टाइप केलं.

मॅडमचे ते हाताने लिहिलेले कागद टाइप झाले की टोपलीत जायचे. एका बाजूला मजकूर, मागची बाजू कोरी. मला ते टाकवेनात. रविवारी मी वाडीतल्या पोरांना घेऊन बसते, त्यांना लिहायला पाठकोरे कागद लागतात. मी टोपलीतून काढून, सरळ करून, पिशवीत भरायची. मॅडमनी एकदा पाहिलं.

"कचरासुद्धा सोडत नाहीत हे लोक," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही, शेजारच्याशी.

तेव्हाही मी गप्प बसले. गप्प बसणं मला चांगलं येतं. ते मी नऊ वर्षांची असताना शिकले.

तेव्हा आम्ही भट्टीवर होतो. आई, बाप, मी. शाळेला सुट्टी होती म्हणून मी त्यांच्याबरोबर. दुपारी रचलेल्या विटांची भिंत बापाच्या अंगावर आली. तो तिथेच गेला. संध्याकाळी शेठ स्वतः आमच्या झोपडीशी आला. त्याने गाडीतून खुर्ची आणवली आणि तिच्यावर आईला बसवलं. आई कधी खुर्चीवर बसली नव्हती. तिला चहा दिला, कपबशीतून. रोज आमचा चहा करवंटीत. मी दारात उभी होते, आणि ती कपबशी बघून मला वाटलं, शेठ चांगला आहे.

मग त्याने कागद काढला. जांभळ्या शाईची डबी काढली. आईचा डावा अंगठा स्वतःच्या हातात धरून शाईवर दाबला आणि कागदावर टेकवला. शेजारी मुनिमाने लिहिलं, निशाणी डावा अंगठा.

मी चौथीत होते. मला वाचता येत होतं. कागद माझ्या डोळ्यांसमोर होता. "दारूच्या नशेत भट्टीवर चढला" असं त्यावर होतं. "मालकाचा काही दोष नाही" असं होतं. आणि एक मोठा शब्द होता, तो मी मनात दोनदा वाचला. स्वखुशीने.

माझा बाप प्यायचा. खोटं सांगणार नाही. पण त्या दिवशी तो प्यायला नव्हता. सकाळपासून मी त्याच्याबरोबर होते. हे मला माहीत होतं, कागदावर काय आहे तेही मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही. शेठ गेल्यावर खुर्चीही गेली. कपबशीही गेली.

ऑफिसात मला वर्ष होत आलं होतं, तेव्हा सरांनी एकदा बोलावलं. सर म्हणजे मालक. ते कधी ओरडत नसत. सगळ्यांशी हळू बोलायचे, मला बेटा म्हणायचे. म्हणाले, शेडला हमाल हवेत, तुमच्या वाडीतले पाठव. मी नऊ जणांना सांगितलं. त्यांत गोमाकाका होता. बापाचा जोडीदार. बाप गेल्यावर आमच्या घरात लाकडं आणून टाकायचा तो हाच. मला इतका आनंद झाला होता, की मी वाडीच्या उपयोगाला आले.

मग नवा माल आला. पांढऱ्या ड्रममधला. एकदा नमुन्याची बाटली ऑफिसात आली होती. तिचं झाकण उघडताच मॅडमनी नाकाला रुमाल लावला आणि ती बाहेर जिन्यात ठेवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या फरशीवर, जिथे बाटली ठेवली होती तिथे, पांढरा गोल उमटलेला होता. झाडूवालीने घासून पाहिला, गेला नाही. मी रोज त्याच्यावर पाय न देता जायची. का, ते मलाच कळत नव्हतं.

या मालाचं लेबल मोठं होतं. खाली तीन ओळी जास्तीच्या, आणि एक चित्र. लाल चौकटीत एक हात, त्याच्यावर वरून थेंब पडतायत आणि हात खड्ड्यासारखा खाल्ला गेलाय. त्या तीन ओळींत एक टोपीवाला यू होता. माझ्या हातून तो तोवर कधी टाइप झाला नव्हता. शून्य दोन पाच एक. मी तो नंबर शोधून पाठ केला. मला तो यू फार आवडला. दहा-बारा वेळा लेबलाचा नमुना बदलला, दहा-बारा वेळा मी त्या तीन ओळी टाइप केल्या. बोटांना पाठ झाल्या.

मग सरांनी मॅडमचा कागद मागवला. हिरव्या पेनने त्या तीन ओळींवर आडवी रेघ मारली. चित्रावर फुली. बाजूला लिहिलं, "हे नको." खाली त्यांची नेहमीची छोटी सही.

"हे राहिलं तर माल धोक्याचा म्हणून वेगळा ठेवावा लागतो," सर मॅडमना म्हणाले. "वेगळी जागा, वेगळं भाडं. साबणाचं पाणी म्हणून जाऊ दे."

मॅडमनी कागदाकडे बघितलं. त्यांना त्या ओळी वाचता येत होत्या, त्यांनीच लिहिल्या होत्या. त्यांनी कागद माझ्याकडे दिला.

मी तिथेच उभी होते. ओळी मला वाचता येत नव्हत्या, पण चित्र तर येत होतं. हात खाल्ला जातोय, हे समजायला कुठली भाषा लागते? मी तीन ओळी निवडल्या आणि पुसल्या. चित्र पुसलं. उरलेल्या लेबलावरच्या काड्या मोजल्या. बरोबर होत्या.

महिन्याभरात गोमाकाकाचे हात गेले.

दुपारी मला वाडीतून फोन आला आणि मी सरकारी दवाखान्यात धावले. काका खाटेवर बसून होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे गुंडाळलेले, मांडीवर ठेवलेले. त्याची बायको, ठमाकाकी, खाली फरशीवर. काका ओरडत नव्हता. मला बघून हसायला गेला, ते हसू बघवत नव्हतं.

"डरम गळत व्हता," तो म्हणाला. "हातान धरला. साबनाचा पानी हाय बोल्ले."

"मग कुणी पाणी ओतलं का हातावर?"

"नाय. फडक्यान पुसला. शेडचा सायब बोल्ला, जाईल."

काकीजवळ प्लास्टिकची पिशवी होती, काकाच्या कपड्यांची. तिने मला सदरा दाखवला. पुढचा भाग चाळणीसारखा झालेला. त्या चाळणीला एक ओला कागद चिकटून आला होता. ड्रमचं लेबल.

माझं लेबल.

आणि मी काय केलं सांगू? मी काड्या तपासल्या. सवय. ई वरची काडी, सी ची शेपटी. सगळं जागच्या जागी होतं. आणि त्या वॉर्डात, काकाच्या खाटेजवळ उभी असताना, एक क्षण मला बरं वाटलं. त्या क्षणासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आले. फोन काढला. त्या तीन ओळी आठवून आठवून लिहिल्या. फोनवर अक्षर दाबून धरलं की काड्या-टोप्या आपोआप वर येतात, तरी मी मनात आकडे म्हणत होते. शून्य दोन पाच एक. मग खाली फोनकडूनच त्यांचं मराठी मागितलं.

त्वचा गंभीररीत्या भाजते, डोळ्यांना इजा होते. हातमोजे घालूनच हाताळा. अंगावर पडल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा.

तो टोपीवाला यू ज्या शब्दात होता, त्या शब्दाचा अर्थ भाजणे.

मी भिंतीला टेकून खाली बसले. आईच्या अंगठ्याला शाई लावायला शेठला यावं लागलं होतं. माझा अंगठा मी रोज आपणहून लावत होते, पंख्याखाली बसून. काय लिहिलंय ते न वाचता. आईला वाचता येत नव्हतं. मला येत होतं, आणि जे येत नव्हतं ते विचारता येत होतं. मी फक्त काड्या मोजल्या.

त्यानंतर ऑफिसात चार दिवस काहीच झालं नाही. कुणी मला लेबल दिलं नाही. कुणी फ्रेंचवाली म्हटलं नाही. मी आत गेले की बोलणं थांबायचं. सरांच्या केबिनचं दार कायम बंद, आत मॅडम. एकदा मी पाण्याची बाटली भरायला उठले आणि परत आले तर माझ्या कीबोर्डची वायर काढलेली. विचारलं तर म्हणाले, साफसफाई. मी पुन्हा लावली. भट्टीवर मुकादम गप्प झाला की आई म्हणायची, आज कुणाच्या तरी अंगावर येणार. तसं वाटत होतं.

पाचव्या दिवशी सरांनी बोलावलं.

"बस बेटा," ते म्हणाले.

त्यांच्या केबिनमध्ये मला कधी कुणी बसायला सांगितलं नव्हतं. मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. मी बसले. चहा आला. रोज माझा चहा स्टीलच्या पेल्यातून, तो पेला सिंकखाली वेगळा ठेवलेला असायचा. आज कप होता. बशीसुद्धा.

ती कपबशी बघितली आणि मला सगळं कळलं. कागद अजून दिसलाही नव्हता.

"हमालाचं ऐकून वाईट वाटलं," सर म्हणाले. "आता चौकशी होईल. एक साधा कागद आहे. सही कर, म्हणजे तुलाच त्रास नको."

कागद टाइप केलेला होता. खाली माझं नाव, त्यावर सहीपुरती जागा सोडलेली. माझ्या हलगर्जीपणामुळे लेबलावरील सूचना टाइप करायच्या राहून गेल्या. कंपनीचा यात कोणताही दोष नाही. हे मी स्वखुशीने लिहून देत आहे.

तोच शब्द. इतक्या वर्षांनी, चांगल्या कागदावर.

सरांनी पेन पुढे केलं. हिरवं.

मी उठले. केबिनचं दार उघडलं आणि उघडंच ठेवलं. कागद हातात घेऊन दारात उभी राहिले आणि मोठ्याने वाचला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, आश्रमशाळेत धडा वाचतात तसा. बाहेरच्या सहाही जणांनी ऐकलं. या वेळी माना वर झाल्या.

वाचून झालं. मी म्हणाले, "सर, दीड वर्षात माझ्याकडून एक काडी राहिली नाही. तीन ओळी कशा राहतील?"

मी खिडकीकडे वळले.

"मॅडम, तुम्ही सांगा. राहिली का कधी?"

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

सर हसले. आवाज अजून हळू केला. "शेडला तुमच्या वाडीतले नऊ जण होते ना? आता आठ. उद्या गेट बंद झालं तर त्यांना तू सांगणार का, कुणामुळे ते?"

मला भीती वाटली. खरं सांगते, खूप वाटली. आठ घरांच्या चुली माझ्या डोळ्यांपुढे आल्या. हात पेनाकडे गेलाही असता. पण मला काकाचे हात दिसले, मांडीवर ठेवलेले, आणि मी म्हणाले, "सांगीन. मीच सांगीन."

मी सही केली नाही. टेबलाशी आले, कीबोर्डची वायर काढली, कीबोर्ड गुंडाळून काखेत घेतला.

"ते ऑफिसचं आहे," मागून मॅडमचा आवाज आला.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "तुम्हीच म्हणाला होतात, हा तुझा."

जिन्यात तो पांढरा गोल होता. त्या दिवशी मी त्याच्यावर पाय देऊन उतरले.

दुसऱ्या दिवशी आठही जण गेटवरून परत आले. मी वाडीच्या अंगणात उभी राहून सगळं सांगितलं, माझ्या पुसण्यासकट. काही लपवलं नाही. दोघं जण तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांतल्या एकाची बायको नळावर मला बघून तोंड फिरवते. मी त्यांना दोष देत नाही.

त्याच दिवशी मी पोरांच्या क्लासची पत्र्याची पेटी उपसली. दीड वर्षाचे पाठकोरे कागद. ऑफिसात त्यांची एक प्रत उरलेली नसणार, तिथे टोपली रोज रिकामी होते. इथे सगळे होते, कारण आमच्यात कोरी बाजू असलेला कागद कुणी फेकत नाही. तासभर शोधल्यावर सापडला. एका बाजूला क्लासमधल्या सोनीने बाराखडी गिरवलेली, क पासून घ पर्यंत. उलटा केला. मॅडमचं अक्षर. तीन ओळींवर हिरवी रेघ. हातावर फुली. हे नको. सही.

कचरासुद्धा न सोडल्याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

त्यानंतर दोन दिवसांनी एक माणूस आला. मोटरसायकल पायथ्याशी लावून वर चढून आला, शेडच्या ठेकेदाराचा. गोमाकाकाला दवाखान्यातून घरी आणलं होतं. काका ओट्यावर बसला होता, हात तसेच. माणसाने सफरचंदांची पिशवी काकीपुढे ठेवली. गोड बोलला. मग कागद काढला, आणि खिशातून डबी. जांभळ्या शाईची.

"काकांना तर जमणार नाही," तो म्हणाला. "मावशी, तुमचा अंगठा चालेल."

ठमाकाकीने पदराला हात पुसला आणि हात पुढे केला. सांगितलं की करायचं, एवढंच तिला माहीत. मी ओट्याच्या खाली उभी होते. मला पुन्हा नऊ वर्षांची झाल्यासारखं वाटलं. दारात उभी, कागद समोर.

तेवढ्यात आई उठली. ती काकीच्या बाजूला बसली होती. तिने काकीचं मनगट धरलं, नुसतं धरलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"त्या येली मनात वाचलीस," आई म्हणाली. "आता मोठ्यान वाच."

म्हणजे तिला माहीत होतं. इतकी वर्षं. नऊ वर्षांची पोर दारात उभी राहून ओठ हलवत होती, हे तिने खुर्चीवरून पाहिलं होतं. आणि एक शब्द मला कधी बोलली नव्हती. मला तिच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं. पण तिने रडायला सांगितलं नव्हतं.

मी माणसाच्या हातातला कागद घेतला आणि वाचला. सगळी वाडी जमली होती. कागदात होतं की गोमाने दारूच्या नशेत, मनाई असताना, ड्रम उघडला. मालकाचा दोष नाही. स्वखुशीने.

"मी डरम उघाडला नाय," काका म्हणाला. "मी त्या दिवशी घेतली बी नवती."

"नुसता फॉर्म आहे हो," माणूस म्हणाला.

काकीने हात मागे घेतला आणि पदराखाली लपवला. आईने सफरचंदांची पिशवी उचलली आणि त्याच्या हातात दिली. त्याने सगळ्यांकडे बघून घेतलं, एकेकाकडे, हळू. माझ्याकडे जास्त वेळ बघितलं.

"तुम्ही लोक इथेच राहता ना?" तो म्हणाला. "बघू."

तेव्हापासून पायथ्याशी, वडाखाली, ती मोटरसायकल उभी असते. कधी एक माणूस, कधी दोन. काही करत नाहीत. नुसते वर बघत बसतात. आई पाण्याला जाते तेव्हा मी बरोबर जाते. ही भीती जाईल असं मला वाटत नाही. ती आहे, तिच्यासकट जे करायचं ते करायचं.

गावातल्या एका ओळखीच्या शिक्षकांचा जुना कॉम्प्युटर आहे. काल दुपारी मी पिवळा कीबोर्ड त्याला लावला. हिरवा दिवा लागला. त्या तीन ओळी मी पुन्हा टाइप केल्या. डावा अंगठा दाबला, शून्य दोन पाच एक, अंगठा उचलला. टोपी उमटली. या वेळी मला शब्द कळत होता. प्रत्येक फ्रेंच ओळीखाली तिचं मराठी लिहिलं. मग कुणी लिहिल्या, कुणी खोडल्या, कुणी पुसल्या, तेही लिहिलं. पुसणारी मी, हे सगळ्यात आधी लिहिलं.

तेच पांढरे ड्रम बोटीवर आहेत. काही अजून द्रोणागिरीत आहेत. पलीकडे कुणीतरी ते हाताने धरणार आहे, आणि त्याला फ्रेंच वाचता येत असलं तरी वाचायला मी काही शिल्लक ठेवलेलं नाही. तिकडच्या माल घेणाऱ्यांचा पत्ता लेबलावर असतो, तो मला पाठ आहे. तिकडे एक प्रत पाठवली. दुसरी प्रत उद्या सकाळी मी सरकारी कचेरीत घेऊन जाणार, हिरव्या रेघेच्या कागदासकट. बरोबर गोमाकाका, ठमाकाकी, आई. वडाखालून जावं लागेल. दुसरी वाट नाही. त्यांच्या डोळ्यांसमोरून जाऊ.

सरांना माझी सही हवी होती. मी केली आहे. त्या तीन ओळींखाली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, वाडीच्या नावासकट.